मोठा व्हिडिओ लहान कसा होतो?

मित्रांनो, स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ आईच्या मोबाईलमध्ये मावत नाही. मग काय करायचे? तो लहान करायचा!

व्हिडिओ म्हणजे भराभर दाखवलेली चित्रे. एका सेकंदाला साधारण २५ चित्रे डोळ्यांपुढून सरकतात. प्रत्येक चित्र बारीक ठिपक्यांचे असते. १९२० गुणिले १०८०, म्हणजे एका चित्रात २०,७३,६०० ठिपके! १२८० गुणिले ७२० केले की ९,२१,६०० उरतात. निम्म्याहून कमी.

दुसरी युक्ती ऐका. नाचात मागचा पडदा हलत नाही. मग तो दर चित्रात पुन्हा कशाला लिहायचा? जेवढे बदलले तेवढेच लिहायचे. २००३ साली आलेली एच.२६४ ही पद्धत असेच करते. बहुतेक मोबाईलना ती समजते.

आता हिशोब. सेकंदाला ८ मेगाबिट लागले, तर मिनिटाला ४८०. ८ बिटांचा १ बाइट, म्हणून ६० मेगाबाइट. सेकंदाला २ मेगाबिट ठेवले, तर मिनिटाला फक्त १५ मेगाबाइट! संगणकावर हँडब्रेक नावाच्या फुकट प्रोग्रामने हे काम होते.

आपल्या राहूकडे गुऱ्हाळे आहेत. रस आटवून गूळ होतो. पण गुळात पाणी ओतले म्हणून पहिला रस काही परत येत नाही. इथेही तसेच. गेलेला बारकावा परत मिळत नाही. फार आटवले तर चेहरे पुसट दिसतात.

म्हणून पालकांनो, लहान प्रत आधी लावून बघा आणि मूळ व्हिडिओ पुसू नका. संमेलनाचा तो दिवस काही पुन्हा येणार नाही!