मुंबईत बांधलेले गलबत

आमचे आबा गावचे सुतार. साठीनंतर ते रात्रीच्या वर्गात लिहायला-वाचायला शिकले. आमचा धाकटा भाऊ इंग्लंडात नोकरी करतो. एका हिवाळ्यात आम्ही घरची सारी माणसे त्याच्याकडे गेलो होतो.

एके दिवशी भाऊ म्हणाला, "आबा, चला. आज तुम्हांला मुंबईचे गलबत दाखवतो."

"इथे कुठले रे मुंबईचे गलबत?" आबा म्हणाले.

आम्ही हार्टलपूल नावाच्या बंदराला गेलो. पौषाचे दिवस होते. समुद्रावरून बोचरा वारा येत होता. आबांनी कानाला मफलर घट्ट गुंडाळला. समोर तीन डोलकाठ्यांचे मोठे गलबत उभे होते. त्याचे नाव 'ट्रिंकोमाली'. नाळेवर फेटा बांधलेल्या माणसाचा लाकडी पुतळा होता.

भावाने माहिती सांगितली. त्या काळी नेपोलियनशी लढाया होऊन इंग्लंडात ओकच्या लाकडाची टंचाई पडली होती. म्हणून हे लढाऊ गलबत मुंबईच्या गोदीत बांधायचे ठरले. लाकूड आणले मलबारचे सागवान. १८१६ साली काम सुरू झाले. तेव्हा गलबताच्या तळच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला. ही पारशी लोकांची रीत. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी गलबत पाण्यात उतरले.

आम्ही आत गेलो. एका मजल्यावर ओळीने तोफा होत्या. त्याखालच्या मजल्यावर वाकूनच चालावे लागले. खलाशी तिथे टांगलेल्या झोळ्यांत झोपत.

"दोनशे वर्षे लाकूड टिकले कसे?" आईने विचारले.

आबा म्हणाले, "सागात तेल असते. त्याला पाणी आणि कीड लवकर लागत नाही. आतला खिळाही लवकर गंजत नाही."

भाऊ म्हणाला, "खरे आहे. ओकमध्ये आंबट रस असतो. तो लोखंड खातो. हे गलबत १९८७ साली दुरुस्तीसाठी इथे आणले. काम २००१ साली पुरे झाले. पण पुष्कळ सागवान मूळचेच आहे."

आबांनी फळीवरून हात फिरवला. "कोणी बांधले हे?"

"जमशेटजी बोमनजी वाडिया. गोदीचे मुख्य कारागीर."

"आणि करवत ओढणारे? रंधा मारणारे? त्यांची नावे?"

भाऊ गप्प झाला. आम्ही सगळीकडे पाहिले. ती नावे आम्हांला कुठेच दिसली नाहीत. चार वाजताच अंधारून आले. परतताना आबा काही बोलले नाहीत.

गावी आल्यावर आबांनी शाळेसाठी सागवानी दार केले. बसवण्याआधी त्यांनी आम्हांला बोलावले. दाराच्या मागच्या बाजूला पटाशीने अक्षरे कोरली होती. त्यांचे नाव होते, साल होते. खाली करवत ओढणाऱ्या दोन गड्यांचीही नावे होती.

आपण चांगले काम करतो. ते आपल्या मागे टिकते. ते कोणी केले, हेही लिहून ठेवावे.

विचार करा :
१. गलबताला ओकऐवजी सागवान का वापरले?
२. तुमच्या गावातली जुनी विहीर किंवा देऊळ कोणी बांधले? वडीलधाऱ्यांना विचारा आणि ती नावे वहीत लिहा.