मलमाआधी खरवड

वेसाव्याच्या बाजारात मासळी विकणाऱ्या माझ्या जाऊबाईंना पावसाळ्यात कमरेला गजकर्ण झालं. बर्फाच्या पाण्याने भिजलेलं लुगडं दिवसभर अंगावर, त्यात घाम. बुरशीला आणखी काय हवं? मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय ट्यूब आली, खाज लगेच थांबली. आणि पुढे चट्टे मांड्यांवर उतरले, मुलांनाही झाले.

ट्यूबवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: क्लोबेटासॉल. हे जोरकस स्टेरॉइड. लाली आणि खाज दाबतं, पण त्याबरोबर त्वचेची प्रतिकारशक्तीही दाबतं, म्हणून बुरशी बिनबोभाट पसरते. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत हा नियम 2018 साली आणखी कडक झाला. तरीही ती सर्रास मिळतात, याचा मला संताप येतो.

त्वचारोगतज्ज्ञांनी चट्ट्याची खरवड, म्हणजे खरवडून काढलेला कोंडा, तपासायला सांगितली. मलमामुळे चट्ट्याची कडा पुसट झाली होती, आणि बुरशी तर कडेलाच जास्त सापडते. त्यामुळे खरवड नेमकी कुठून घ्यावी हेच कळेना. मलमात बुरशीनाशक असेल, तर त्यानेही तपासणी फसू शकते. म्हणून खरवड देण्याआधी मलम किती दिवस बंद ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा आणि लावलेली प्रत्येक ट्यूब प्रयोगशाळेत दाखवा.

तपासणी तशी सोपी. कडेचा भाग स्पिरिटने पुसून बोथट पात्याने कोंडा काढतात, पोटॅशिअम हायड्रॉक्साइडच्या थेंबात विरघळवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू शोधतात. निकाल बहुधा त्याच दिवशी मिळतो. पण बुरशी कोणत्या जातीची, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी कल्चर लावतात, म्हणजे बुरशी वाढवून पाहतात; त्याला तीन-चार आठवडेही लागतात. ट्रायकोफायटन इंडोटिनी ही जात तर जनुकतपासणीशिवाय खात्रीने ओळखता येत नाही. भारतीय आणि नेपाळी रुग्णांकडून मिळालेल्या या बुरशीला जपानी संशोधकांनी 2020 मध्ये हे नाव दिलं. टर्बिनाफिन हे बुरशीनाशक तिच्यावर अनेकदा चालत नाही. प्रत्येकाला या तपासण्या लागत नाहीत. औषध नीट घेऊनही गुण येत नसेल, तर डॉक्टरांना त्यांबद्दल जरूर विचारा.

घरात आणखी कोणाला चट्टे असतील तर त्यांनाही त्याच वेळी दाखवा. टॉवेल वेगळे ठेवा, कपडे पूर्ण वाळवूनच घाला. अहवाल निगेटिव्ह आला आणि चट्टा पसरतच असेल, तर डॉक्टर पुन्हा खरवड मागतील. ती द्या.