उघड्यावरचे पुतळे: अनुभवाचे बोल

संग्रहालयांच्या बागांत पुतळे मांडण्याचं आणि राखण्याचं काम बरीच वर्षं केलं. त्यातून हाती लागलेलं थोडंफार.

१. आधी ऊन पाहा, मग चौथरा बांधा. उत्तरेकडे तोंड केलेल्या पुतळ्याचा चेहरा आपल्याकडे वर्षातला बराच काळ सावलीत राहतो आणि पाठ तेवढी झळाळते. सकाळचं तिरपं ऊन उत्तम. भर दुपारी कुठलाच पुतळा धड दिसत नाही, त्याला इलाज नाही.

२. उंचीवर भांडायची तयारी ठेवा. शिल्पकार रोदँला आपले ‘बर्गर्स ऑफ कॅले’ जमिनीलगत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बरोबरीने हवे होते. १८९५ साली ते चौथऱ्यावर चढले ते १९२४ पर्यंत. तोवर रोदँला जाऊन सात वर्षं झाली होती.

३. जांभळाखाली संगमरवर नको. कारण जूनमध्ये कळतं.

४. सफाई ज्याच्या-त्याच्या हाती देऊ नका. संगमरवर म्हणजे चुन्याचाच दगड. त्यावर ॲसिड पडलं की फेस येतो, डाग जातो आणि त्याबरोबर वरची झिलईही जाते. मग त्या खरबरीत अंगावर धूळ नि शेवाळ दुप्पट धरतं. कुंचल्याने, साध्या पाण्याने, वेळ काढून धुवा. ब्राँझला पावसाळ्याआधी मेणाचा पातळ थर द्यावा, समुद्राकाठी तर हवाच. सिमेंटच्या मूर्तीत बारीक उभी चीर दिसली, तर आतली सळई गंजून फुगत असावी. वरून रंग फासून ती थांबत नाही. आणि गवत कापायचं यंत्र चौथऱ्यापासून हातभर लांब ठेवा, हे माळ्याला दर वर्षी नव्याने सांगा.

५. फलकावर पुतळ्याचं पुढचं आयुष्यही लिहा. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा आहे. घडवणारा मॅथ्यू नोबल. फोर्टात होता तेव्हा १८९६ मध्ये चापेकरांनी त्याला डांबर फासलं; १९६५ च्या सुमारास मुंबईतले इतर ब्रिटिश पुतळे हलले, तसा तोही इथे आला. नुसतं नाव आणि साल लिहिलं, तर बघणारा पुढे सरकतो. डांबराची गोष्ट कळली की थांबतो, जवळ जातो.

६. राणीच्या बागेत गेलात तर तिथला दगडी हत्ती सावकाश, चहूबाजूंनी पाहा. तो मूळचा घारापुरी बेटावरचा; त्या बेटाला पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ म्हटलं ते याच्यामुळे. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला उचलताना तो फुटला, आणि १९१४ मध्ये तुकडे जोडून पुन्हा उभा केला. पोरांना त्यावर चढवू नका.