पदाच्या नावाआधी कामाचा दिवस पाहा

पदवी हातात आली की ऑटिझम असलेल्या तरुणांचे पालक समुपदेशकाला पहिला प्रश्न विचारतात तो क्षेत्राचा. उत्तरही बहुतेकांनी आधीच ठरवलेलं असतं : संगणक. (स्वमग्न माणसाला गणित नि कोडिंग उपजतच येतं, हा समज सिनेमांनी फार पसरवला.) माझ्या मते पाहायचं असतं ते क्षेत्राच्या आत, कामाच्या दिवसात. लेखापालाची नोकरी घ्या. व्यापाऱ्याच्या गल्ल्याशेजारी बसून, फोन आणि गिऱ्हाइकं सांभाळत हिशेब लिहिणं वेगळं, आणि बंद खोलीत महिनाभराची बिलं एकेक करून जुळवणं वेगळं. पदाचं नाव एकच, पण पहिल्या ठिकाणी जो आठवड्यात कोलमडेल तोच दुसऱ्या ठिकाणी वर्षानुवर्षं टिकेल. म्हणून आवाज किती, सूचना तोंडी की लेखी, एका वेळी किती गोष्टी डोक्यात ठेवायच्या, वेळापत्रक किती वेळा बदलतं, हे आधी विचारावं.

टेंपल ग्रँडिन या स्वतः ऑटिझम असलेल्या अमेरिकी पशुविज्ञान-प्राध्यापिका. ऑटिझम असलेल्यांनी कोणतं काम निवडावं यावर त्यांनी 1999 मध्ये लिहिलं, तेव्हा टाळायच्या कामांत कॅशियर आणि घाईच्या हॉटेलातला स्वयंपाकी होता. कारण ही कामं क्षणोक्षणी बदलणाऱ्या गोष्टी लक्षात ठेवायला लावतात. पुस्तकं जागेवर लावणं, बागकाम ही कामं त्यांनी बोलता न येणाऱ्यांसाठीही सुचवली. त्यांच्या यादीपेक्षा मला हे कारण मोलाचं वाटतं. यादी अमेरिकेतली आहे, पण हे कारण लातूरच्या दुकानालाही लागू पडतं.

यावर पालकांचा आक्षेप रास्त आहे : काम जमेल हो, पण मुलाखतीतच अडतो त्याचं काय? मुलाखतीत नजर भिडवणं, मोघम प्रश्नांना हजरजबाबी उत्तरं देणं तपासलं जातं. नोंदी तपासणाऱ्याला यातलं फारसं काहीच लागत नाही. यावर वाट आहे : बोलण्याऐवजी काम दाखवणं. ग्रँडिन गुरांच्या गोठ्यांचे, हाताळणीच्या रचनांचे आराखडे करत. गिऱ्हाइकापुढे त्या स्वतःपेक्षा आपले आराखडे ठेवत. डेन्मार्कमध्ये 2004 मध्ये सुरू झालेल्या ‘स्पेशालिस्टर्ने’ या कंपनीने तर नेहमीच्या मुलाखतीऐवजी प्रत्यक्ष काम करायला देऊन उमेदवाराची पारख सुरू केली. आपल्याकडे प्रत्येक मालक इतका उदार नसेल. पण केलेल्या कामाची फाइल आणि पंधरा दिवसांच्या चाचणीची विनंती, एवढं कुणालाही पुढे करता येतं.

दुसरी अडचण लेबलाच्या भीतीची. ‘दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढलं की कपाळावर शिक्का बसेल.’ ही भीती अगदी खोटी नाही. खासगी नोकरीत निदान कुणाला आणि कधी सांगायचं, हे त्या तरुणानेच ठरवावं. पण सरकारी नोकरीतल्या आरक्षणाचं दार प्रमाणपत्राशिवाय उघडत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्यांच्या 4 टक्के आरक्षणातला 1 टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या गटांना मिळून आहे. वाटा छोटा, दावेदार पुष्कळ, म्हणून भरवसा फक्त त्यावर ठेवू नये. आणि ज्यांना रोज आधार लागतो, त्यांच्यासाठी दिवसाचे दोन तास, ओळखीची जागा, सुरुवातीला शेजारी उभा राहून शिकवणारा माणूस, हेही करिअरच आहे. पगार कमी पडेल. मात्र घरच्यांनी अशा कामाला ‘वेळ घालवणं’ म्हणू नये.