इंग्रजी उच्चार आणि आपली वर्णमाला

दरवर्षीं शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन आमचे कांहीं विद्यार्थी मुंबईस अगर पुण्यास कॉलेजांत जातात. सुटींत घरीं आल्यावर ते आम्हांस भेटावयास येतात, तेव्हां त्यांपैकीं एखादा तरी हळूच सांगतो, "सर, उत्तर येत असतें, पण वर्गांत उभें राहून इंग्रजींत बोलण्याचा धीर होत नाहीं. मुलें हंसतात." कागदावर उत्तम इंग्रजी लिहिणारा मुलगा वर्गांत मुक्यासारखा बसतो, ही गोष्ट आमच्या मनाला लागून राहिली आहे. पालकांजवळ विषय काढावा तर ते म्हणतात, "आम्ही कोंकणांतलीं माणसें, आमच्या मुलांची जीभ इंग्रजीला वळायची कशी?" हें म्हणणें खरें नाहीं, एवढेंच या लेखांत दाखविण्याचा आमचा विचार आहे. जीभ रत्नागिरीची असो कीं लंडनची, तिची घडण एकच. फरक आहे तो तिला लागलेल्या संवयींत.

प्रथम एक गंमत पाहूं. 'चार आंबे' आणि 'गुरांचा चारा' हे शब्द सावकाश म्हणून पाहा. 'चार' म्हणतांना जिभेचा मधला भाग टाळूस लागतो; 'चारा' म्हणतांना तिचें टोंक वरच्या दातांच्या मागें जाऊन टेकतें. 'हें जग मोठें आहे' यांतील 'जग' आणि 'शंभर वर्षें जग' यांतील 'जग' यांची गोष्ट तीच. अक्षर एक, उच्चार दोन. ही गोष्ट आम्हांस कोणी शिकविली नव्हती, तुम्हांसही नसेल; तरी तीन वर्षांचें पोरसुद्धां ती सहसा चुकत नाहीं. उलट मराठी शिकूं पाहणाऱ्या परकीयास या दोहोंतील भेद पुष्कळ दिवस ऐकूंच येत नाहीं. त्याचा कान बिघडलेला नसतो. त्याच्या मातृभाषेस त्या भेदाची गरज नसल्यामुळें कानानें तो टिपून घेण्याचें सोडून दिलेलें असतें, इतकेंच.

आपलें इंग्रजीच्या बाबतींत नेमकें हेंच होतें. म्हणून "नीट ऐका आणि तसेंच म्हणा" हा उपदेश अपुरा पडतो. जें कानास ऐकूं येत नाहीं, तें जिभेनें करावें कसें? तेव्हां कानाआधीं डोळ्यांस आणि बोटांस कामास लावलें पाहिजे. जीभ कोठें टेकते, ओंठ काय करतात, कंठांत नाद आहे कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे. या अभ्यासास ध्वनिशास्त्र म्हणतात.

नांव ऐकून कोणी दचकूं नये. या शास्त्राचा पहिला धडा प्रत्येकानें पाटीवर गिरविलेला आहे. क, च, ट, त, प हीं पांच अक्षरें क्रमानें म्हणा. उच्चाराची जागा कंठापासून निघून टाळू, मूर्धा आणि दांत असा प्रवास करीत ओंठांशीं येऊन थांबते. प्रत्येक वर्गांतही क्रम ठरलेला: आधीं दोन कठोर वर्ण, मग दोन मृदु, शेवटीं अनुनासिक. इंग्रजीच्या ए, बी, सी मध्यें असा कांहीं हेतु दिसत नाहीं. आपल्याकडे प्रातिशाख्यें आणि शिक्षाग्रंथ यांतून वेदपठणासाठीं हा विचार फार प्राचीन काळींच झाला होता. व्हिटने या अमेरिकन पंडितानें १८६२ सालीं अथर्ववेदाच्या प्रातिशाख्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. पुढें १८८६ सालीं पॅरिस येथें ध्वनिशास्त्राची जी आंतरराष्ट्रीय संस्था निघाली, तिच्या व्यंजनांच्या कोष्टकांतही वर्ण उच्चारस्थानांप्रमाणेंच मांडलेले आहेत. मात्र आपण कंठापासून निघतों, ते ओंठांपासून. मराठीपुरतें पाहावयाचें तर आपल्या जिल्ह्यांतील मालगुंडच्या केशवसुतांचे बंधु मोरो केशव दामले यांचें १९११ चें 'शास्त्रीय मराठी व्याकरण' मोठ्या विद्यार्थ्यांनीं एकदां तरी उघडून पाहावें.

आतां इंग्रजीकडे वळूं. या भाषेंत अक्षरें २६. पण दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण उच्चारांत वर्ण सुमारें ४४ मोजतात, त्यांत २४ व्यंजनें आणि २० स्वर. म्हणजे स्पेलिंगवर विसंबणारा फसलाच म्हणून समजावें.

'पेन' हा शब्द घ्या. तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरून आपल्या पद्धतीनें 'पेन' म्हणा. पट्टी जेमतेम हलेल. इंग्रज म्हणतो तेव्हां ती फडफडते. शब्दाच्या आरंभीं जोर असतांना तो प, ट, क हे वर्ण महाप्राण करतो. परंतु 'स्पिन' मध्यें एस् च्या मागून येणारा 'प' आपल्यासारखाच अल्पप्राण असतो. आपल्यास प आणि फ हे निराळे वर्ण वाटतात. त्याला ते दोन्ही एकच वाटतात. म्हणूनच आपलें 'पेन' त्याच्या कानास कधीं कधीं 'बेन' लागतें. यांत हंसण्यासारखें कोणाचेंच कांहीं नाहीं.

'टेबल' म्हणतांना आपण जीभ मागें वळवून मूर्धेस लावतों. वरच्या दातांच्या मागें जिभेचें टोंक फिरविलें तर हिरडीचा खरबरीत उंचवटा लागतो. इंग्रजी टी आणि डी तेथें होतात, आपल्या त आणि ट यांच्या मधोमध.

सर्वांत अडतें तें 'थिंक' या शब्दांत. आपला 'थ' म्हणतांना जीभ दातांस घट्ट टेकते, वाट क्षणभर पूर्ण बंद होते आणि मग हवेचा लोट सुटतो. इंग्रजी वर्णांत वाट बंद होतच नाहीं. टोंक दातांच्या कडेशीं हलकेंच ठेवून फटींतून हवा वाहूं द्यावयाची. कसोटी सोपी आहे. आपला 'थ' लांबवितां येत नाहीं, हा वर्ण मात्र 'स' प्रमाणें श्वास संपेपर्यंत लांबवितां येतो. त्यांतच कंठाचा नाद मिसळला कीं 'दिस' आणि 'दॅट' यांचा आरंभींचा वर्ण मिळतो. तसाच 'स' लांबवीत कंठावर बोटें ठेवून नाद सुरूं करा. भुंग्याच्या गुंजारवासारखा झेड ऐकूं येईल. 'इज' आणि 'वॉज' यांत लिहावयाचा एस्, पण म्हणावयाचा हाच.

व्ही आणि डब्ल्यू यांचा घोंटाळा तर घरोघर आहे. आपल्या 'व' मध्यें खालचा ओंठ दातांजवळ जातो, पण घासत नाहीं. 'व्हाइन' म्हणजे द्राक्षाची वेल. तेथें ओंठ दातांस लागून हवा घासली पाहिजे. 'वाइन' म्हणजे मद्य. तेथें ओंठांचा चंबू करावयाचा आणि दातांचा संबंध येऊं द्यावयाचा नाहीं. वेल आणि मद्य यांत गल्लत होऊं नये, हें पालकांसही पटेल!

स्वरांविषयीं विस्तार करीत नाहीं. 'बॅट' आणि 'बॉल' यांसाठीं मराठीनें चंद्राची खूण स्वीकारलीच आहे. 'शिप' आणि 'शीप' यांत केवळ ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसून जिभेची उंचीही बदलते, एवढें ध्यानांत असावें. आघाताचेंही तसेंच: 'फोटोग्राफ' मध्यें जोर पहिल्या अवयवावर, 'फोटोग्राफर' मध्यें दुसऱ्यावर. आपण सर्व अवयवांस सारखें वजन देतों, त्यामुळें शब्द ओळखूं येत नाहीं.

तरीही आमचे विद्यार्थी हुबेहूब लंडनकरांसारखे बोलावे, असा आमचा आग्रह नाहीं. १८२३ सालीं या जिल्ह्यांतील बाणकोटास जे मिशनरी आले ते स्कॉटलंडचे होते. आणि शब्दान्तींचा जो 'र' लंडनकर गिळून टाकतो, तो स्कॉटिश माणूस खणखणीत म्हणतो. त्याबद्दल त्याला लाज वाटत नाहीं. बोलणें समजलें पाहिजे आणि बोलणाऱ्याचा धीर सुटतां कामा नये.

सरावासाठीं रोज दहा मिनिटें आणि एक लहान आरसा पुरे. 'व्हाइन' म्हणतांना दांत ओंठास लागला कीं नाहीं आणि 'वाइन' म्हणतांना चंबू झाला कीं नाहीं, हें इंग्रजीचें अक्षरही न जाणणाऱ्या आईला स्वयंपाकघरांतून पाहून सांगतां येतें.