अनादि संकल्प आणि नव्या वर्षाचा पहिला दिवस

(शब्बाथशाळा व कौटुंबिक उपासनेसाठी अभ्यासपाठ)

वाचनभाग : २ तीमथ्य १:८-१२, यिर्मया २९:१-१४, योहान ११:३२-३६

मुख्य विचार : नव्या वर्षात काय होणार हे देव आपल्याला सांगत नाही, परंतु जे काही होईल त्याच्या आधीपासून त्याची कृपा आपल्यासाठी ठरलेली आहे, हे तो सांगतो.



येथे हैदराबादेत हिमायतनगर भागात आम्ही मराठी ख्रिस्ती थोडीच कुटुंबे आहोत. वर्षाच्या शेवटच्या रात्री उपासनेला जातो ते बहुधा शेजारच्या तेलुगू बंधुभगिनींबरोबर. त्यांच्या पुष्कळ मंडळ्यांत एक पद्धत आहे. मध्यरात्र झाली, प्रार्थना झाली, की एका ताटात वचनांच्या चिठ्ठ्या फिरवतात. प्रत्येकाने एक उचलायची. ते त्याचे वर्षाचे वचन. तेलुगूत या वचनाला ‘वाग्दानम्’ म्हणतात. आपल्या मराठीत वाग्दान म्हणजे लग्न ठरवताना दिलेला शब्द. या शब्दाकडे आपण पाठाच्या शेवटी पुन्हा येऊ.

काही वर्षांपूर्वी आमच्यातील एका भगिनीला यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातील अकराव्या वचनाची चिठ्ठी आली. देवाच्या मनातील विचार हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, अशा अर्थाचे हे वचन आपल्या सर्वांच्या पाठचे आहे. तिने ती चिठ्ठी शास्त्रात जपून ठेवली. त्याच वर्षी पावसाळ्यात तिचा तरुण मुलगा अल्पशा आजाराने गेला. आम्ही भेटीस गेलो आणि रीतीप्रमाणे बोलून गेलो, “ताई, देवाची योजना होती.” ती काही बोलली नाही. उठून तिने शास्त्र आणले, चिठ्ठी काढून आमच्यापुढे ठेवली आणि विचारले, “मग ही चिठ्ठी कोणाची होती?”

त्या दिवशी आम्हांला उत्तर देता आले नाही. हा पाठ लिहिताना तिचा प्रश्न आमच्यापुढे आहे. देवाच्या अनादि संकल्पावर भरवसा ठेवून वर्ष सुरू करा, असे आपण वर्गात मुलांना आणि मंडळीत मोठ्यांना सांगतो. त्याचा अर्थ काय आणि अर्थ काय नाही, हे आधी आपण नीट समजून घेतले पाहिजे.

१. देवाचा संकल्प मागाहून सुचलेला नाही

हैदराबादकरांना मुसी नदीच्या पुराची गोष्ट माहीत असते. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला आणि शहराचा मोठा भाग वाहून गेला. सुमारे पंधरा हजार माणसे गेली असे सांगतात. नदीकाठच्या दवाखान्याच्या आवारात एक चिंचेचे झाड होते. त्यावर चढलेली दीडशेच्या आसपास माणसे वाचली. ते झाड उस्मानिया इस्पितळाच्या आवारात आजही उभे आहे. पुढे १९०९ मध्ये विश्वेश्वरय्यांना बोलावणे गेले. त्यांनी पुरापासून बचावाची योजना आखली. तिच्यातून मुसीवर उस्मानसागर (१९२०) व तिच्या उपनदीवर हिमायतसागर (१९२७) ही धरणे झाली. आमच्या हिमायतनगरला आणि त्या तलावाला एकाच राजपुत्राचे, हिमायत अली खान यांचे, नाव आहे.

योजना उत्तम होती. परंतु ती पुराच्या नंतर आली. मनुष्याचे असेच असते. घर फोडले गेल्यावर आपण कुलूप बदलतो. आजार झाल्यावर पथ्य पाळतो.

पौल मात्र तीमथ्याला वेगळी गोष्ट लिहितो. देवाने आपल्याला तारले व पवित्र पाचारण केले ते आपल्या कृत्यांवरून नव्हे, तर स्वतःच्या संकल्पावरून व कृपेवरून. आणि ही कृपा ख्रिस्त येशूच्या ठायी युगांच्या आधी दिलेली होती, असे तो म्हणतो (२ तीमथ्य १:९). इफिसकरांस पत्रात जगाच्या स्थापनेपूर्वीच्या निवडीविषयी तो हेच सांगतो (१:४). पेत्रही ख्रिस्त हा जगाच्या स्थापनेपूर्वी नेमलेला कोकरा आहे असे लिहितो (१ पेत्र १:१९-२०). म्हणजे पाप झाले, मनुष्य बिघडला, आणि मग देव विचारात पडला, असे घडले नाही. पूर येण्याच्या आधीच आसरा तयार होता.

आणि हे पौल लिहितो कोठून? तुरुंगातून. सुटकेची आशा नाही, सोबती सोडून गेलेले, मरण जवळ आलेले. पुढचे वर्ष दिसेल की नाही हे ज्याला माहीत नाही, तोच युगांच्या आधीच्या कृपेविषयी बोलतो, ही गोष्ट शिक्षकांनी वर्गाच्या लक्षात आणून द्यावी.

२. संकल्प म्हणजे ललाटलेख नव्हे

बाळाच्या पाचवी-सहावीच्या रात्री सटवाई येऊन त्याच्या कपाळी भविष्य लिहून जाते, ही समजूत आपल्या महाराष्ट्रात किती जुनी आहे! बाळाजवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवणारी घरे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. आपण ख्रिस्ती झालो, कागद-लेखणी ठेवणे सोडले. पण मनातली सटवाई सहज जात नाही. “देवाची योजना होती,” असे म्हणताना आपण कित्येकदा केवळ “नशिबात होते” हेच नवीन शब्दांत म्हणत असतो. त्या भगिनीच्या घरी आम्ही नेमके हेच केले.

फरक कोणता? नशिबाला हृदय नसते. ते लिहिते आणि निघून जाते. देवाचा संकल्प हा पित्याचा संकल्प आहे आणि तो पिता लेकरांना सोडून जात नाही. नशिबापुढे प्रार्थना चालत नाही; पित्यापुढे लेकरू बोलू शकते, रडू शकते, “का?” असेही विचारू शकते. लाजराला आपण उठवणार हे प्रभू येशूला माहीत होते. तरी त्याच्या कबरेकडे जाताना मरीयेला रडताना पाहून तो रडला (योहान ११:३३-३५). ज्याला संकल्प ठाऊक होता तोच रडला! मग ज्यांना काहीच ठाऊक नाही अशा आपण, दुःखिताच्या दारी आसवांच्या आधी उपदेश घेऊन का जावे?

दुसरा फरक असा, की नशिबावर विसंबणारा हात जोडून बसतो. देवावर विसंबणारा कामाला लागतो. पौलाच्या त्याच पत्राचा शेवटचा अध्याय पाहा. अनादि संकल्पाविषयी लिहिणारा हा प्रेषित तीमथ्याला सांगतो, की त्रोवसात राहिलेला माझा झगा घेऊन ये, पुस्तके आण, आणि हिवाळ्यापूर्वी येण्याचा यत्न कर (४:१३, २१). देवावर विश्वास आहे म्हणून थंडी वाजणार नाही, असे त्याने धरले नाही. तेव्हा नव्या वर्षाचा हिशेब मांडणे, मुलांच्या फीची तरतूद करणे, औषध वेळेवर घेणे, यांत अविश्वास नाही.

३. संकल्प म्हणजे सुखाची हमी नव्हे

आता त्या चिठ्ठीकडे वळू. यिर्मयाचे ते वचन कोणाला लिहिलेले होते? बाबेलात धरून नेलेल्या बंदिवानांना. त्यांना गोड बोलणारे संदेष्टे पुष्कळ मिळाले. हनन्याने तर दोन वर्षांत सर्व परत येईल असे सांगितले (यिर्मया २८:३). यिर्मयाने मात्र सत्तर वर्षे सांगितली (२९:१०). म्हणजे ज्यांनी ते पत्र ऐकले त्यांतील बहुतेकांचे परके देशातच मरण होणार होते. अकरावे वचन हे दहाव्याच्या नंतर येते. आपण चिठ्ठीवर अकरावे छापतो आणि दहावे गाळतो.

तरी ते वचन खोटे नव्हते. त्या सत्तर वर्षांत काय करायचे तेही देवाने सांगितले : घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा (२९:५-७). आपला गाव सोडून येथे नोकरीधंद्यासाठी आलेल्या आम्हांला हे शब्द विशेष लागतात. देवाचे हिताचे विचार एका माणसाच्या एका वर्षात मावतीलच असे नाही. ते मुलानातवंडांपर्यंत जातात, आणि ख्रिस्तामध्ये तर मरणाच्याही पलीकडे जातात.

याची साक्ष आपल्याच मराठी मंडळीत आहे. पंडिता रमाबाईंचे (१८५८-१९२२) चरित्र पाहा. १८७० नंतरच्या दुष्काळाच्या दिवसांत आईवडील गेले. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी विवाह झाला आणि १८८२ मध्ये पतीही गेले. कडेवर लहान मनोरमा राहिली. १८८३ मध्ये इंग्लंडात दोघींचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये मुंबईस शारदासदन निघाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. अमेरिकेतील मदत दहा वर्षांपुरती ठरलेली होती. म्हणून पुढची सोय व्हावी या हेतूने बाईंनी केडगावास जमीन घेऊन फळबाग लावली. ही त्यांची योजना. परंतु बागेचे उत्पन्न हाती येण्यापूर्वीच १८९६-९७ चा दुष्काळ आला. बाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुली व विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवणे अशक्य झाले, तेव्हा केडगावची ती जागा त्यांचा आसरा झाली. बाईंनी झाडांसाठी जमीन घेतली. देवाने तेथे मुक्तिसदन उभे केले. आपल्या योजनेपेक्षा देवाचा संकल्प मोठा होता, असे येथे सहज म्हणता येते.

परंतु गोष्ट येथे थांबवू नये. मनोरमाबाई शिकून आईच्या हाताखाली आल्या. १९१३ च्या सुमारास तेव्हाच्या हैदराबाद संस्थानातील गुलबर्ग्यास शाळा निघाली, ती त्यांनी सांभाळली. आईच्या मागे सर्व काम त्याच चालवतील अशी अपेक्षा होती. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. आईचे वय तेव्हा त्रेसष्ट, कानांनी ऐकू येणे कमी झालेले. येथे “पाहा, याचा हा फायदा झाला” असे दाखवायला आमच्याजवळ काही नाही, आणि आम्ही ते शोधणारही नाही. इतके मात्र दिसते, की बाईंनी हातातले काम सोडले नाही. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणण्याचे त्यांचे काम शेवटपर्यंत चालू राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी, मुलीच्या मागे नऊ महिने पुरे होण्याच्या आत, त्याही प्रभूकडे गेल्या. मुक्तीच्या छापखान्यातून ते संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये बाहेर पडले. मुक्ती मिशनचे काम केडगावी आजही चालू आहे. त्यांच्यापासचा प्रश्न सुटला नाही. कृपा मात्र सरली नाही.

४. कृपा रोजच्या रोज

रानात इस्राएलाला मान्ना मिळत असे तो त्या दिवसापुरता. दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर त्यात किडे पडत. फक्त शब्बाथासाठी आदल्या दिवशी दुप्पट मिळे (निर्गम १६). कृपेचेही तसेच आहे. डिसेंबरात येणाऱ्या दुःखाची कृपा आज जानेवारीत मिळणार नाही. म्हणून आज त्याचा विचार करताना जीव घाबरतो. पण तो दिवस येईल तेव्हा त्या सकाळी ती दारात असेल. पौलाच्या अंगातील काटा निघाला नाही. कृपा पुरेशी आहे एवढेच त्याला सांगण्यात आले, आणि ती पुरली (२ करिंथ १२:७-९). संकल्प अनादि आहे. वाटप रोजचे आहे.

त्या भगिनीकडे आम्ही पुढे पुन्हा गेलो. या वेळी काही समजावले नाही. बसलो आणि चुकलो म्हणून सांगितले. ती म्हणाली, “चिठ्ठी मी फाडली नाही. ज्याने लिहिली त्याच्याशी माझे बोलणे अजून चालू आहे.” आम्हांला वाटते, वाग्दान या शब्दाचा अर्थ तिला आमच्याहून अधिक कळला. वाग्दानात पुढे काय काय घडेल त्याची यादी नसते. वधूला सुखदुःखे आधी सांगत नाहीत. तिच्याजवळ एक शब्द असतो आणि शब्द देणारा असतो. आपल्याला शब्द देणाऱ्याने वधस्तंभावर तो पाळला आहे. ज्याने स्वतःच्या पुत्राला राखून ठेवले नाही (रोम ८:३२), त्याच्या हाती हे वर्ष देण्यास आपण भिऊ नये.

शब्बाथशाळा शिक्षकांसाठी

लहान वर्गास मान्नाची गोष्ट सांगावी. मोठ्या वर्गात प्रत्येकाने एका कागदावर या वर्षाच्या तीन इच्छा लिहाव्यात आणि खाली दोन ओळी कोऱ्या सोडाव्यात. कागद शिक्षकाने जपून ठेवावेत व वर्षाअखेरीस परत द्यावेत. कोऱ्या ओळींत काय लिहायचे ते मुले तेव्हा स्वतः सांगतील. एखाद्याची इच्छा पुरी झाली नसेल तर घाईने कारण देऊ नये. त्याच्याबरोबर प्रार्थना करावी.

विचारार्थ प्रश्न

१. नशीब आणि देवाचा संकल्प यांतील फरक आपल्या शब्दांत सांगा.

२. पौलाने झगा का मागवला? यावरून नव्या वर्षाची तरतूद करण्याविषयी आपण काय शिकतो?

३. यिर्मया २९:११ हे वचन दहाव्या वचनासह वाचल्यास कोणता फरक पडतो?

४. आपल्या मंडळीत गेल्या वर्षी कोणाच्या घरी दुःख झाले? या आठवड्यात तेथे कोण जाईल?

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, आमच्या आधीपासून तू आमच्यासाठी कृपा ठेवलीस म्हणून तुझे उपकार मानतो. पुढचे आम्हांला दिसत नाही. तू दिसतोस तेवढे पुरे आहे. आजच्या दिवसाची कृपा आज दे. जे शोकात हे वर्ष सुरू करीत आहेत त्यांच्याजवळ तू राहा, आणि आम्हांलाही त्यांच्याजवळ बसावयास शिकव. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.