सुपरचार्जरच्या गाडीला ब्रेकची पोकळी कुठून मिळते?

वायूंचे नियम शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने मला मोठा नेमका प्रश्न विचारला. "सर, ब्रेकला मदत करणारी पोकळी इंजिनाकडून मिळते असे आपण सांगता. मग ज्या इंजिनात सुपरचार्जर हवा कोंबून भरतो, तिथे पोकळी येणार कुठून?" त्याने ब्रिटनमधील जुन्या मिनी गाडीचे चित्र पाहिले होते. १९५९ ते २००० या काळात तयार झालेली ही चिमुकली गाडी. काही हौशी लोक तिच्या इंजिनावर, पुढे आलेल्या नव्या मिनी कूपर एस गाडीतला ईटन एम-४५ सुपरचार्जर बसवितात. यातला ४५ हा आकडा घन इंचांचा आहे. म्हणजे पंपाच्या एका फेऱ्यात सुमारे ०.७४ लिटर हवा पुढे ढकलली जाते.

प्रश्नाकडे वळण्यापूर्वी ब्रेकचा सर्व्हो पाहू. पत्र्याचा एक चपटा डबा, त्याच्या मध्ये रबरी पडदा. पडद्यामुळे डब्याचे पुढचा व मागचा असे दोन कप्पे होतात. पाय ब्रेकवर नसतो तेव्हा दोन्ही कप्प्यांतील हवा इंजिनाने काढून घेतलेली असते. पॅडल दाबताच एक लहान झडप उघडते आणि बाहेरची हवा फक्त मागच्या कप्प्यात शिरते. पुढे दाब कमी, मागे वातावरणाचा पूर्ण दाब. पडदा पुढे सरकतो आणि ब्रेकच्या तेलाच्या दट्ट्याला रेटतो.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. 'पोकळी पडद्याला ओढते' असे उत्तरपत्रिकांतून दरवर्षी वाचावे लागते. पोकळी काहीही ओढत नाही. ढकलते ती बाहेरची हवा. मॅग्डेबर्गचे अर्धगोल घोड्यांनाही सहजी वेगळे करता आले नाहीत, ते याच हवेमुळे.

आता हिशेब करू. पडद्याचा व्यास २० सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.०३१४ चौरस मीटर होते. पुढच्या कप्प्यातील दाब वातावरणापेक्षा ६० किलोपास्कलने (पाऱ्याच्या ४५ सेंटिमीटर उंचीइतका) कमी असेल, तर बल = ०.०३१४ × ६०,००० = सुमारे १,८८० न्यूटन. जवळजवळ १९० किलोग्रॅम वजनाइतकी ही मदत! ती नाहीशी झाली तर ब्रेक बंद पडत नाही, पण सारे बल चालकाच्या पायाला लावावे लागते.

इंजिनात पोकळी निर्माण होते ती थ्रॉटलमुळे. इंजिनाचे दट्ट्ये हवा मागत असतात आणि थ्रॉटलची झडप मिटलेली असते. म्हणून तिच्या पलीकडे दाब उतरतो. सुपरचार्जर असला तरी हे खरेच राहते. चालक प्रवेगक सोडतो, थ्रॉटल मिटतो आणि मॅनिफोल्डमधील दाब पुन्हा वातावरणाच्या खाली येतो. ब्रेक दाबायची वेळही बहुधा हीच असते. तेव्हा प्रश्नाचे अर्धे उत्तर असे की पोकळी मिळते, पण सर्व वेळ नाही.

गाडी जोरात पळत असताना मॅनिफोल्डमध्ये वातावरणापेक्षा, समजा, ५० किलोपास्कल जास्त दाब आहे. हा दाब नळीतून सर्व्होत शिरला तर साठविलेली पोकळी संपलीच. म्हणून नळीत एकाच दिशेने उघडणारी झडप असते. हवा सर्व्होतून इंजिनाकडे जाऊ शकते, उलट येऊ शकत नाही. साध्या गाडीतही ही झडप असते, परंतु तिथे तिला वातावरणापेक्षा जास्त दाबाचा उलटा रेटा सोसावा लागत नाही. सुपरचार्जरवर ती थोडी जरी गळली तरी चालकाने प्रवेगक सोडल्यावर पोकळी नव्याने तयार व्हावी लागते. ताशी ७२ किलोमीटर वेगाने गाडी अर्ध्या सेकंदात १० मीटर पुढे जाते. रस्त्यावर १० मीटर म्हणजे काय, ते सांगायला नको.

नळी कुठे जोडावी, यालाही महत्त्व आहे. कार्बोरेटर आधी आणि सुपरचार्जर नंतर अशी मांडणी असेल, तर दोहोंच्या मधल्या जागेत दाब वातावरणाच्या वर कधीच जात नाही. नळी तिथे जोडल्यास झडपेवरचा कोंबलेल्या हवेचा उलटा रेटा टळतो. उलट सुपरचार्जर आधी आणि थ्रॉटल नंतर असेल, तर या दोहोंच्या मध्ये नळी जोडणे ही घोडचूक ठरेल. तिथे पोकळी नसते, उलट कोंबलेली हवा असते.

शर्यतीसाठी बदललेल्या काही इंजिनांत हवा घेणाऱ्या व धूर सोडणाऱ्या झडपा अधिक वेळ एकदम उघड्या राहतात. मंद गतीत धूर मॅनिफोल्डमध्ये परततो आणि पोकळी घटते. ६० ऐवजी ३० किलोपास्कल मिळाले तर वरच्या हिशेबातले बल निम्मे होते. अशा वेळी हौशी लोक जादा टाकी बसवितात, आणि इथे बॉइलसाहेब मदतीला येतात.

सर्व्होचे घनफळ ३ लिटर, आतील दाब ४० किलोपास्कल आणि दर दाबण्याला बाहेरची अर्धा लिटर हवा आत येते, असे धरा. तापमान स्थिर माना. एकदा ब्रेक दाबून सोडल्यावर दाब होतो (४० × ३ + १०० × ०.५) ÷ ३ = सुमारे ५७. दुसऱ्यांदा ७३, तिसऱ्यांदा ९०. मदत संपत आली! आता ५ लिटरची टाकी जोडा. घनफळ ८ लिटर झाले, आणि दर वेळी दाब फक्त सव्वासहा किलोपास्कलने वाढतो. तीन वेळा दाबूनही तो ५९ च्या आतच राहतो. पण टाकी पोकळी साठविते, निर्माण करीत नाही. मुळात पोकळी कमी पडत असेल तर विजेवर चालणारा पंपच लावावा लागतो. डिझेल इंजिनात बहुधा हवा अडविणारा थ्रॉटल नसतो, म्हणून त्या गाड्यांना पोकळी निर्माण करणारा पंप बहुधा पहिल्यापासूनच असतो.

हे सारे घरच्या साध्या गाडीत पडताळता येईल. मात्र वडीलधाऱ्यांना सोबत घ्या, गाडी सपाट जागी उभी असू द्या आणि हातब्रेक ओढलेला असू द्या. इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबा. ते हळूहळू कडक होईल. मग पाय तसाच दाबून ठेवून मोठ्यांना इंजिन सुरू करायला सांगा. पॅडल पायाखाली किंचित खाली जाईल. किती दाबण्यांनंतर ते कडक झाले हे मोजा आणि वरच्या गणिताशी ताडून पहा.